तळघरातले दहा आकडे

थंडर बे,
३ मार्च, मंगळवार दुपार

प्रिय किर्स्ती,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला वाटलं असेल की पत्र आईचं आहे, आणि आत माझं अक्षर पाहून तू घाबरली असशील. म्हणून सगळ्यात आधी हे लिहिते, की तुझी आई ठीक आहे. आज सकाळी ती माझ्या वर्गाला आली होती. वर्गातल्या म्हाताऱ्या ओस्सीच्या नव्या टोपीला नावं ठेवली, दोन कप कॉफी प्याली आणि बसने घरी गेली. पाकिटावर तिचं अक्षर का आहे, ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तू मधलं घाईने वाचशील, आणि मधलं तू सावकाश वाचावंस अशी माझी इच्छा आहे. फोन का केला नाही, असंही तू विचारशील. फोनवर मी काही बोलायला लागले की तू 'जाऊ दे गं रीत्ता' म्हणतेस, आणि मीही लगेच जाऊ देते. शाळेपासून आपलं हेच चाललंय. या वेळी तू 'जाऊ दे' म्हणायच्या आत मला सगळं सांगून झालेलं हवं आहे.

सरोवर अजून गोठलेलंच आहे. तुमच्या घरामागची वाट मी परवा साफ केली, तर काल पुन्हा वीतभर बर्फ पडला. माझी आई गेली त्याला या महिन्यात सहा वर्षं होतील. टपाल कचेरीच्या पायरीवर ती घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. तेव्हा तू कॅल्गरीहून आलीस आणि आठ दिवस राहिलीस. आईचे कपडे आपण दोघींनी मिळून खोक्यांत भरले. तिच्या हिवाळी बुटांचे तळवे अगदी गुळगुळीत झालेले तू मला दाखवलेस, आणि मग दाखवले म्हणून तुलाच रडू आलं. कॉलेजात शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकले, पंधरा वर्षं दवाखान्यात हॉकीवाल्या पोरांचे गुडघे सरळ करत होते, आणि स्वतःच्या आईच्या बुटांकडे मी कधी पाहिलं नव्हतं. तू गेल्यावर महिन्याभरात मी म्हाताऱ्यांना तोल सांभाळायला शिकवणारा तो वर्ग सुरू केला. हे तुला माहीतच आहे. तरी लिहिते आहे, कारण पुढे जे झालं ते कशातून झालं हे मला स्वतःलाच नीट लावून पाहायचं आहे.

चर्चच्या तळघरात मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्याकडे चौदा जण येतात. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, भिंतीला धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं. जमिनीवर मुद्दाम आडवं होऊन कुणाच्या मदतीशिवाय उठायचं, हेही मी शिकवते, आणि त्याच्यावर सगळ्यांचा राग आहे. तुझी आई म्हणायची, 'ऐंशी वर्षं पडले नाही, आता तू फी घेऊन पाड.' व्यायाम संपला की कॉफी, वेलचीचा गोड पाव, आणि गप्पा. कुणाला झोप लागते, कुणाला नाही, कोण रात्रीच्या जेवणाऐवजी नुसती बिस्किटं खातं. लेम्पी अठ्ठ्याऐंशीची आहे, एकटी राहते. ती एकदा सहज म्हणाली की मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत तिच्या तोंडातून शब्द निघत नाही, म्हणून शुक्रवारी आवाज घोगरा येतो. तेव्हापासून बुधवारी आणि गुरुवारी सगळे मॉलमध्ये फेऱ्या मारायला जाऊ लागले, दुकानं उघडायच्या आधी, लेम्पीला मध्ये घेऊन. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. हे त्यांचं त्यांनी ठरवलं. वर्गात जे काही चांगलं घडलं त्यातलं बरंचसं असंच त्यांचं त्यांनी ठरवलेलं आहे. आणि जे वाईट घडलं तेही त्यातूनच आलं, पण ते थांबवणं माझं काम होतं.

दर तीन महिन्यांनी मी सगळ्यांची तपासणी घेते. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, आणि आधाराशिवाय एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं. दहा सेकंद म्हणजे बरं. पाचाच्या खाली गेलं की घरात एकटं राहण्याबद्दल कुणीतरी कुटुंबाशी बोलायला हवं. त्या आकड्यांचा कागद माझ्या सहीने डॉक्टरांकडे जातो आणि म्हाताऱ्यांची हरकत नसेल तर मुलांकडेही. तुझ्याकडे येतो तोच कागद. पहिल्या हिवाळ्यात मी फोनवरचं घड्याळ लावलं. ते पिक् वाजलं की लेम्पी दचकून पाय खाली टेकायची. ओस्सी म्हणाला, 'चर्चखाली सुरुंग लावलाय काय गं? आम्ही जंगलात लाकडं तोडताना एवढं घाबरलो नाही.' मग कुणीतरी सुचवलं की घड्याळ नकोच, आपण सगळे मिळून मोठ्याने मोजू. मला ते आवडलं. तेरा म्हातारी माणसं आपल्या फिनिश भाषेत एका सुरात मोजतात आणि चौदावं एका पायावर उभं आहे. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. डायरीत तसं लिहिलेलं आहे.

तुला आपली लपाछपी आठवते का? तुमच्या परसातल्या सॉनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या भिंतीला डोकं टेकवून तू राज्य घ्यायचीस आणि आकडे पूर्ण न म्हणता नुसती त्यांची पहिली अक्षरं म्हणायचीस, यू का को ने वी कू. तीन सेकंदांत दहा. मी अजून लाकडांच्या ढिगापर्यंतही पोचलेली नसायचे. आणि तुझी आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, 'किर्स्ती, पूर्ण मोज.' आपल्याकडची सगळी मुलं तसं मोजायची, आपल्या आधीच्या पिढीतलीही. ती आधीची मुलं आता सत्तरीच्या आणि ऐंशीच्या घरात आहेत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एकदा लेम्पी डुगडुगायला लागली तेव्हा ओस्सीने आकडे पळवले. नऊ आणि दहा तर एका श्वासात. सगळे हसले, लेम्पी धापा टाकत खाली बसली आणि मी कागदावर दहा लिहिले. गंमत म्हणून. पुढच्या खेपेला गंमत राहिली नाही. जो कोणी डगमगायला लागेल त्याच्यासाठी बाकीचे भरभर मोजायचे. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला डोळा मारला नाही. जो खरोखर स्थिर उभा राहायचा त्याच्यासाठी मात्र सावकाश, पूर्ण आकडे. सुरुवातीला ओस्सीला तर ते मुद्दाम रेंगाळत मोजून छळायचे. म्हणजे कोण किती पाण्यात आहे, हे त्या तळघरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

मला कधी कळलं? हे मी स्वतःला बरेचदा विचारलंय. डायरी काढून पाहिली. दुसऱ्या हिवाळ्यातल्या एका पानावर लिहिलंय, 'आज मोजणी जरा घाईत झाली वाटतं.' वाटतं, असं लिहिलंय. भिंतीवर चर्चचं मोठं घड्याळ आहे, त्याचा सेकंदाचा काटा माझ्या समोर फिरत होता. मला वाटलं नव्हतं, मला दिसलं होतं. त्यानंतरच्या तपासण्यांच्या दिवशी डायरीत फक्त हवामान आहे. बारा वर्षं रोज लिहिते मी, किर्स्ती, खोटं लिहायचं नाही असं ठरवून. खोटं कुठेच लिहिलं नाही. फक्त बर्फ किती पडला ते लिहिलं.

आकडे सुधारत गेले तशी माझी वाहवा झाली. वर्गातून गळलेल्यांच्या जागी डॉक्टरांनी आणखी चार जणांना पाठवलं. नगरपालिकेच्या माहितीपत्रकावर तुझ्या आईचा फोटो छापला, एका पायावर उभी, हात पसरलेले, हसणारी. तू तो फ्रिजवर लावला आहेस असं तिने मला सांगितलं. तो नीट पाहा. डाव्या कोपराजवळ फोटो थोडा आत कापलेला दिसेल. तिथे तिला धरलेला माझा हात होता.

आता गेल्या सप्टेंबरचं. तुझ्या घराजवळच्या त्या वृद्धनिवासात दोन वर्षं वाट पाहून अखेर तुला आईसाठी खोली मिळाली होती. खिडकीतून डोंगर दिसतात, खाली बाग आहे, दिवसा नर्स असते. तू मला म्हणालीस, 'तुझा कागद येऊ दे, मग ठरवते. तुझ्या आकड्यावर माझा विश्वास आहे.' तपासणीच्या दिवशी तुझी आई निळा स्वेटर घालून आली होती. खोलीची गोष्ट तिने सगळ्यांना सांगितलेली होती. ती उभी राहिली, उजवा पाय उचलला आणि इतक्या भरभर मोजलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पाऊस पत्र्यावर पडावा तसे आकडे पडले. मी घड्याळाकडे पाहिलं. चार सेकंद. तिने पाय टेकला आणि माझ्याकडे पाहिलं. बाकी सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते. मी दहा लिहिले. तीन दिवसांनी तुझा फोन आला. तू रडत होतीस, सुटल्यासारखी. म्हणालीस, 'मग मी ती खोली सोडते. तिला तिच्या घरातून उपटून आणायचं माझ्या जिवावर आलं होतं. रीत्ता, तू आहेस म्हणून.' मी गप्प राहिले. मला संकोच वाटतोय असं तुला वाटलं असावं. तू म्हणालीस, 'बरं, जाऊ दे, नाही म्हणत थँक यू.'

मी गप्प का राहिले? आधी मी स्वतःला सांगितलं की हा तिचा निर्णय आहे, तिला तिच्या घरात राहायचंय, मी कोण मोडता घालणार. हे खोटं नाही. मग सांगितलं की वर्ग बदनाम झाला असता, बाकीच्या तेरा जणांचं चालणं-बोलणं थांबलं असतं. हेही खोटं नाही. पण या दोन्ही कारणांच्या खाली आणखी एक कारण आहे आणि ते मी आजवर डायरीतही लिहिलेलं नाही. आई गेल्यापासून दर शनिवारी मी तुमच्या घरी जाते. तुझी आई दुपारी तीनला सॉनाची भट्टी पेटवते, आम्ही दोघी आत बसतो, फारसं बोलत नाही. मग ती माझी पाठ घासून देते, आत येऊन माशाचं सूप वाढते आणि 'एवढंच? चिमणी आहेस का?' म्हणते. शेहेचाळीस वर्षांच्या बाईची पाठ घासणारं दुसरं कोण असतं? तुला डोंगर दिसणारी खोली मिळाली होती, आणि माझे शनिवार जाणार होते. मी दहा लिहिले तेव्हा तुझ्या आईचा विचार करत होते की माझा, हे मला अजूनही खात्रीने सांगता येत नाही. आणि ज्या अर्थी सांगता येत नाही, त्या अर्थी काय ते तुला कळेल.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी नव्हते. पूर्वेला दीड तासावर एक गाव आहे, तिथल्या वाचनालयात म्हाताऱ्यांचा वर्ग सुरू करायचा होता, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. मी पडद्यावर आमचे आकडे दाखवले. तुझ्या आईचा फोटोही. त्याच दुपारी उणे बावीस तापमानात तुझी आई सॉनातून घराकडे निघाली आणि पायरीवरून पडली. अंगावर नुसता झगा, पायात लोकरी चपला. वाट वीस पावलांची. शेजारचे फ्लोरिडाला गेलेले. ती मला नंतर म्हणाली, 'पहिल्यांदा मला तुझा राग आला. मग आठवलं, कूस बदल, मग हातापायांवर ये.' हातापायांवर रांगत ती सॉनात परत गेली, कारण ते दार घरापेक्षा जवळ होतं. बाकड्याला धरून, वर्गात शिकवलं तशीच, एक गुडघा पुढे घेऊन उठली. पण नंतर त्या वीस पावलांची तिला भीती बसली. भट्टीत उरलेली लाकडं एकेक घालत ती तिथे दोन तास बसून राहिली. लाकडं संपली. भट्टी निवायला लागली. तेव्हा ती पुन्हा खाली बसली आणि ती वीस पावलं रांगत घरी गेली. तुझी आई, किर्स्ती. जिने आपल्याला कधी वाकून चालू दिलं नाही.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. मंगळवारी वर्गात आली ती हातमोजे घालूनच. थंडी वाजतेय म्हणाली. जमिनीवरून उठायच्या वेळी ती एरवी कॉफीची किटली बघायला निघून जाते. त्या दिवशी ती थांबली आणि लेम्पीला म्हणाली, 'अगं, आधी गुडघा पुढे घे, मग बाक धर. आधी बाक धरलास तर हात घसरतो.' हे मी शिकवलेलं नव्हतं. हे फक्त खरोखर पडलेल्या माणसालाच कळतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान फिरवली. वर्ग सुटल्यावर सामानाच्या खोलीत मी तिचे हातमोजे काढले. दोन्ही तळवे सोलवटलेले होते. तेव्हा तिने सांगितलं, आणि लगेच म्हणाली, 'किर्स्तीला कळता कामा नये. शपथ घे.' मी शपथ घेतली. म्हणजे आणखी एकदा गप्प बसले.

शुक्रवारी मी वर्गात हातातलं घड्याळ घेऊन गेले. आज मी मोजणार, तुम्ही मोजायचं नाही, म्हटलं. लेम्पी तीन. ओस्सी सहा. तो घड्याळावर वाकून म्हणाला, 'सहा? सहाव्या वर्षी मी यापेक्षा बरा उभा राहत होतो.' कुणी हसलं नाही. मग त्यालाही हसू आलं नाही, आणि म्हणाला, 'नापासच करायचं होतं तर इतकी वर्षं कॉफी कशाला पाजलीस?' लेम्पीनेच सावकाश, तिच्या त्या घोगऱ्या आवाजात सांगितलं, 'पोरीला बोलू नका. मोजत आपण होतो. ज्याला कमी पडत होते त्याला आपण आपल्यातले दोन-चार सेकंद देत होतो. दुसरं द्यायला आहे काय आपल्याकडे?' तुझी आई उभी राहिलीच नाही. कोट चढवून निघून गेली.

पुढच्या आठवड्यातही ती वर्गाला आली, पण माझ्याशी बोलत नव्हती. मग गेल्याच्या गेल्या रविवारी मी तिच्या घरी गेले आणि सांगितलं, की शपथ मोडणार आहे, किर्स्तीला लिहिणार आहे. ती भांडी घासत होती. पाठमोरीच राहिली. म्हणाली, 'तुला माझी लेक व्हायचंय की मास्तरीण? एक काय ते ठरव. लेक झालीस तर माझं ऐकावं लागेल. मास्तरीण झालीस तर शनिवारी येऊ नकोस.' मी म्हटलं, ऐलीमावशी, लेक ऐकत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला वाटलं ती हसेल. तिने नळ बंद केला आणि झोपायच्या खोलीत गेली. मी कोट घालून बाहेर आले, सॉनाच्या पायरीवर वाळू टाकली, कठड्याला दोर बांधला आणि घरी आले. त्यानंतरचा पूर्ण आठवडा ती वर्गाला आली नाही. शनिवारी धुराड्यातून धूर नव्हता. मी रस्त्यावरूनच पाहिलं, आत गेले नाही. ओस्सी रोज तिला फोन करून टोमणे मारत होता, म्हणून ती धडधाकट आहे एवढं कळत होतं.

आज सकाळी ती आली. कॉफी झाली, सगळे कोट चढवत होते. तिने पर्समधून हे पाकीट काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. तिकीट लावलेलं, तुझा पत्ता तिच्या हातचा, तो थोडा उजवीकडे उतरणारा. म्हणाली, 'दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा बर्फ किती पडला तेच लिहून झालं.' माझी डायरी तिने कधी पाहिलेली नाही, किर्स्ती. ती म्हणाली, 'आतलं तू लिही. तुला सगळं माहीत आहे. पण पाकीट माझं. म्हणजे तिला कळेल की मला माहीत आहे, आणि चोरून काही चाललेलं नाही.' मग तिने पर्स खुर्चीवर ठेवली, कोट अंगात असतानाच भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन उभी राहिली आणि पाय उचलला. मी तिच्या मागे दोन्ही हात पुढे करून उभी होते, अंगाला न लावता. कुणी मोजलं नाही. पाय टेकल्यावर तिने स्वतःच सांगितलं, 'साडेतीन. लिही तसं.' दारापाशी पोचल्यावर वळून म्हणाली, 'आणि तिला म्हणावं, निर्णय तिकडे बसून घ्यायचा नाही. इथे ये, माझ्या स्वयंपाकघरात बस, माझ्यासमोर मोज. मग जायचं की राहायचं ते दोघी मिळून ठरवू. आणि म्हणावं, पूर्ण मोज.' म्हणून हे पत्र. ती खोली मी तुला परत देऊ शकत नाही. मावशी तुझ्याकडे येणार असेल तर तिचं सामान मी भरेन, राहणार असेल तर दिवसातून दोनदा जाईन, आणि तू माझ्याशी बोलली नाहीस तरी यातलं काही बदलणार नाही. पण या महिन्यात ये. विमानतळावर मी येईन, किंवा नको असेन तर ओस्सीला पाठवीन, टोपीसकट.

तुझीच,
रीत्ता